फरशीवर पाणी किती?

पावसाळा लागला की माझा फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस रामराम न घालता विचारतो, "अक्का, फरशीवर पानी शे का?" माझी तब्येत, माझे गुडघे, माझी सून बरी वागते का, यातलं कोणालाही काही नको असतं. फरशीवर पाणी आहे की नाही, आणि असेल तर किती, एवढंच हवं.

फरशी म्हणजे आमच्या गावाचा पूल. पूल म्हणायचा तर आहे, पण बुटका, नदीच्या पात्राला पोट टेकवून बसलेला. कठडा नाही. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड उभे आहेत. पांझरा एरवी एवढीशी, शेळीनेही खूर न भिजवता ओलांडावी अशी. पण तिकडे साक्रीच्या डोंगरांत पाऊस झाला की इकडे आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही पाणी फरशीवर चढतं. माझं घर नदीकाठचं शेवटचं. ओट्यावर उभं राहिलं की दगड दिसतात. दगडाची नुसती टोपी दिसत असेल तर ट्रॅक्टर, अर्धा दगड दिसत असेल तर मोटारसायकल, बुडासकट दिसत असेल तर कोणीही, असा माझा हिशेब. तो मला कोणी शिकवला नाही, आणि गावातल्या कोणी तो कधी खोटा पाडला नाही. धुळ्याहून निघालेला माणूस फाट्यावर थांबून मला विचारतो आणि मगच ठरवतो, उजवीकडे वळून फरशीवरून यायचं की सरळ जाऊन हायवेच्या मोठ्या पुलावरून लांबचा वळसा घालायचा.

पुलांच्या बाबतीत माझ्या शब्दाला अशी किंमत यावी, याचं माझ्या माहेरच्यांना मोठं नवल वाटतं. कारण त्यांनी माझं पहिलं रूप पाहिलंय. माझं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागांमधलं. लग्न होऊन एसटीने सासरी निघाले तेव्हा वाटेत तापीचा पूल लागला. तोवर मी एवढा लांब पूल पाहिलाही नव्हता. मी काय केलं? दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. पुलावर वजन कमी पडावं म्हणून. नवरदेव म्हणाले, हे काय? मी म्हणाले, पाय वर घ्या, तुम्ही पण घ्या. शालू, मुंडावळ्या, हातभर बांगड्या, आणि बाई पोतं बसावं तशी मांडी घालून बसलेली. त्यात आईने सांगून ठेवलं होतं, तापीमायला नाणं टाक. ते मी खिडकीतून असं भिरकावलं की गजावर आपटून परत आलं आणि कंडक्टरच्या टोपीवर पडलं. कंडक्टर म्हणाला, माय, मी अजून वाहता झालो नाही.

पुढे रेल्वेने मुंबईकडे जाताना पहिला बोगदा लागला. तेव्हा मी श्वास धरून बसले. वर एवढा डोंगर, खाली एवढी भोकं पाडलेली, अशा वेळी आपण जोराने श्वास घेणं मला बरं वाटेना. बाहेर उजेडात आलो आणि मी नवऱ्याला विचारलं, डोंगराला कळत असेल का हो? मला वाटतं, आपलं पुढे कसं होणार हा विचार त्यांना तेव्हा पहिल्यांदा पडला असावा.

असले प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले आणि उत्तर देणारं माणूस मिळालं ते थेट नात. पोरगी जळगावला पॉलिटेक्निकमध्ये बांधकामाचं शिकते. सुट्टीत आली की मी तिला सोडत नाही. पुलाच्या मधोमध फट का ठेवतात? ती म्हणते, उन्हाने पूल लांबतो, त्याला जागा लागते. म्हणजे जळगावच्या उन्हात माणूस वाळतो आणि पूल फुगतो. ट्रक गेला की पूल हलतो, मग पडत कसा नाही? ती म्हणते, आज्जी, हलतो म्हणूनच बरा, ताठ राहिला असता तर तडकला असता. हे वाक्य मी सुनेच्या देखत दोनदा म्हणवून घेतलं. रेल्वेचं फाटक काढून खालून बोगदा केला, त्यात पावसाळाभर पाणी भरतं, मग तो बोगदा म्हणायचा की विहीर? याला मात्र ती म्हणाली, परीक्षेत असं विचारत नाहीत.

आणि गावातला सगळ्यात जुना प्रश्न: नवा पूल कधी होणार? तर नवा पूल झालाय. फरशीला लागूनच, वरच्या अंगाला, चांगला उंच. खांब उभे आहेत, वर रस्ता घातलाय, कठडासुद्धा आहे. फक्त दोन्ही टोकांना तो हवेत संपतो. जोडरस्ता व्हायचाय, जमिनीचं काहीतरी अडकलंय. पोरं शिडी लावून वर चढतात, फोटो काढतात, शिडीने उतरतात. एकाने तिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या. गावात पाहुणा आला की मी सांगते, आमच्याकडे पूल आहे, फक्त तिथवर जायला पूल नाही.

मागच्या उन्हाळ्यात नात मला फरशीखाली घेऊन गेली. कोरडं पात्र, तापलेली वाळू. खालच्या अंगाला तिने दाखवलं, फरशीचं बूड पोकळ झालेलं होतं. नव्या पुलाच्या खांबांमुळे पाणी एका जागी एकवटतं आणि तिथेच येऊन आदळतं, असं ती म्हणाली. तिने बाभळीची लांब काठी घेतली आणि फरशीखाली घातली. काठी आत गेली. आणखी गेली. तिच्या हातात फक्त टोक उरलं.

"आज्जी, तू वरून पाणी मोजतेस," ती म्हणाली. "ते खालून खातंय."

तिने हे तिच्या बापालाही सांगितलं. बाप म्हणजे माझा मुलगा. तो धुळ्यात एका ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहे, सुनेसह तिथेच खोली घेऊन राहतो. तो हसला. म्हणाला, फरशी माझ्या जन्माआधीची आहे आणि तू माझ्या जन्मानंतरची. मीही हसले. पण त्या दिवसापासून फोन आला की उत्तर द्यायला मला जरा वेळ लागू लागला.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं त्या दिवशीच झालं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, कुंकू लावायचं, पाटावर मांडायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, घरीच दळायचे, त्याचे रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही मिळत नाहीत. आणि ज्याच्या नावाचे त्याने यायलाच हवं. भाऊबंदांत सुतक पडलं तर मात्र कानबाई बसतच नाही. सगळं जागच्या जागी थांबतं.

नवरा गेल्यापासून आमच्या घरात पुरुषाची मूठ एकच, मुलाची. सून आणि नात आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्याला रविवारी दुपारपर्यंत दुकान होतं. कानबाई तो आल्यावर दिवेलागणीला मांडायची असं ठरलं होतं. आणि त्याला लवकर ये, लवकर ये, म्हणून सकाळपासून तीनदा फोन करणारी मीच.

दुपार कलली आणि पाणी चढायला लागलं. आमच्याकडे थेंब नाही. मी ओट्यावर गेले. दगड अर्धे दिसत होते. माझ्या हिशेबाने मोटारसायकल जायला हरकत नव्हती. पण मधोमध, जिथे नातीची काठी आत गेली होती, बरोबर तिथे खालच्या अंगाला पाणी गोल फिरत होतं. रवीने ताक घुसळावं तसं, एकाच जागी, आणि मध्ये खळगा. असं मी कधी पाहिलं नव्हतं. नातीला हाक मारली. तिने पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पप्पा कुठवर आलेत?"

तेवढ्यात त्याचाच फोन. फाट्यावर उभा होता, चहाच्या टपरीपाशी.

"माय, फरशीवर पानी कितलं शे?"

मी म्हणाले, आहे. तू हायवेवरून ये.

तो म्हणाला, तिकडून यायचं तर कानबाई मांडायची वेळ टळेल, रस्ताभर खड्डे, शिवाय ट्रकांची रांग लागली आहे. मी म्हणाले, टळू दे. त्याने विचारलं, दगड दिसतो का? मी म्हणाले, मधे भोवरा पडलाय रे. तो म्हणाला, भोवऱ्याचं राहू दे.

"दगड दिखस का नही, इतलंच सांग."

आता बघा. दिसत नाही म्हणावं, तर हा स्वतः काठावर येऊन बघणार. आणि दगड अर्धा दिसतोय हे त्याला काठावरून दिसणारच. मग म्हणणार, माय म्हातारी झाली, घाबरते. आणि गाडी घालणार. लहानपणापासून त्याला हा हिशेब मीच शिकवला होता. अर्धा दगड म्हणजे मोटारसायकल. म्हणून त्याने काठावर येताच कामा नये असं काहीतरी मला हवं होतं. आत सून कानबाईचा पाट पुसत होती. कणीक भिजवून ठेवली होती.

"ऊ नको," मी म्हणाले, येऊच नको. "सुतक पडनं."

त्याने विचारलं, "कोन?"

खोटं बोलायचं तर माणसाने आधी तयारी करावी. मला भाऊबंदांत पटकन एकच नाव सुचलं, सगळ्यात लांबचं. "सुरतना आबा," मी म्हणाले.

आबा म्हणजे माझे धाकटे दीर. जन्म सुरतेत गेला. माझा मुलगा शाळा सोडून कामाच्या शोधात फिरत होता तेव्हा यांनीच त्याला आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, स्वतः बाहेर ओट्यावर झोपायचे. हे मला नाव घेऊन झाल्यावर आठवलं. फोनवर नाक ओढल्यासारखा आवाज आला. मग तो म्हणाला, मी असाच सुरतेला निघतो.

झालं. फरशी टळली आणि सुरतेचा रस्ता निघाला, साक्रीवरून, त्याच पावसातून. मी घाईने म्हणाले, नको नको, इकडेच आणताहेत. तो म्हणाला, मग मी घरीच येतो. तर परत फरशी. ज्या बाईने पुलावर पाय वर घेतले होते, तिची अक्कल पन्नास वर्षांत तसूभर पुढे सरकली नव्हती. शेवटी म्हणाले, काही नक्की नाही, तू आहेस तिथेच थांब, मी कळवते. आणि फोन ठेवला.

वळले तर दारात नात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रागवेल. ती म्हणाली, "आज्जी, पप्पा आता काकांना फोन करतील." काका म्हणजे आबांचा मुलगा. मी म्हणाले, करू दे, तोवर पाणी उतरेल. तेव्हा नदीवरून ट्रॅक्टरचा आवाज आला. गावातलाच एकजण, खताची पोती घेऊन, फरशीवर चढला होता. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिले. ट्रॅक्टर भोवऱ्यापाशी आला, जरा डुलला, पुढे सरकला, आणि अलीकडच्या काठावर चढून गेला. चालवणाऱ्याने मला हात केला. मी केला नाही.

माझा मुलगा त्या वेळी फाट्यावर टपरीच्या बाकावर बसून रडत होता. हे मला पुढे टपरीवाल्याने सांगितलं. दोघांनी त्याला पाणी दिलं, एकाने पाठीवर हात ठेवला. मग त्याने सुरतेला फोन लावला. चुलतभावाचा फोन आबांनीच उचलला.

थोड्या वेळाने मला फोन. "वहिनी," आबा म्हणाले, "मी वारनू म्हने?"

आमच्याकडे एक रीत आहे. कोणाला कावळा शिवला तर तो अपशकुन मानतात आणि त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातेवाइकांना धाडतात. नातेवाईक रडले की अपशकुन फिटतो, आयुष्य वाढतं. मी तेच पुढे केलं. म्हणाले, आबा, तुम्हाला कावळा शिवल्याचं माझ्या स्वप्नात आलं. आबा हसले. म्हणाले, स्वप्नातल्या कावळ्यासाठी जागेपणी रडवता होय? मी पण हसले, सुटले असं वाटून. पण मग ते हळू आवाजात म्हणाले, पोरगा फार रडत होता वहिनी. माझ्या मागे कोणी एवढं रडेल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्याच्यासाठी रडतोय त्यानेच हॅलो म्हणायचं, हे काही बरं नाही झालं.

मुलाने मात्र फोन केला नाही. मी केला तो उचलला नाही. नातीकडून सुनेला सगळं कळलं होतं; ती एकदा दाराशी गेली, एकदा चुलीशी. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. कानबाई आम्ही तिघी बायकांनी मांडली. शेजारच्या बायका गाण्याला आल्या. मी पण टाळ्या वाजवल्या. मधूनच उठून ओट्यावर जात होते, पण अंधारात नुसता पाण्याचा आवाज.

सोमवारी सकाळी पाणी उतरलं होतं. आम्ही कानबाईला काठावरच निरोप दिला, ओंजळभर वाळू घेतली आणि परतलो. दुपारी तो आला, हायवेवरून, लांबच्या वळशाने. रात्र त्याने धुळ्याला खोलीवर काढली होती. घरात आला नाही. आधी फरशीवर गेला. मी मागोमाग गेले, नातही आली. तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि टाच आपटली. परत आपटली.

"उभी शे ना?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

नात खाली उतरली आणि तिने बापाला बोलावलं. खालच्या अंगाचा एक तुकडा, बैलगाडीच्या चाकाएवढा, निघून वाळूत पडला होता. आतल्या सळ्या दिसत होत्या. त्याने वाकून पाहिलं. मग म्हणाला, ट्रॅक्टर तर गेला. नात म्हणाली, हो, गेला. तो म्हणाला, मग मी गेलो असतो की नसतो? नातीने खांदे उडवले. म्हणाली, पप्पा, हे कोणीच नाही सांगू शकत. तुकडा ट्रॅक्टरच्या आधी पडला की नंतर, हेही मला माहीत नाही.

मला माहीत असतं तर मी किती वेळा सांगितलं असतं, याचा विचार करा. पण मलाही माहीत नाही. कधी वाटतं, मी त्याला वाचवलं. कधी वाटतं, भर रस्त्यात त्याला उगाच पोरकं केलं आणि फरशी आपली उभीच होती. रात्री कूस बदलली की उत्तर बदलतं.

घरी आल्यावर मी त्याला रोट वाढले. त्याच्या नावाचे होते, त्याने खाल्ले. गार झाले होते. मी म्हणाले, तूप घे. त्याने घेतलं. आबांना काय सांगितलं म्हणून त्याने विचारलं तर मी कावळ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. एरवी माझ्या असल्या उद्योगांवर तोच सगळ्यात आधी हसतो. त्याने ताटातला तुकडा मोडला आणि म्हणाला,

"पुढलायेळे तू म्हनशी आबा वारनात, तवय मी काय समजू, माय?"

सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तुपाची वाटी परत त्याच्यापुढे सरकवली.

तो वाईट वागत नाही. पैसे पाठवतो, गुडघ्याला तेल आणून देतो. पण आता फाट्यावर आला की फोन नातीला करतो, ती घरी नसली तर शेजारी करतो. गावातले बाकीचे अजून मलाच विचारतात. आताशा मी त्यांना दगडाचं सांगतच नाही. म्हणते, हायवेवरून या. ते म्हणतात, अक्का, कितलं पानी शे ते तर सांग. मी म्हणते, हायवेवरून या. काहीजण ऐकतात. काहीजण हल्ली विचारेनासे झालेत.

आणि आबा थकलेत. दिवाळीत ते फोनवर म्हणाले, वहिनी, आता जिना चढवत नाही. मी म्हणाले, मग चढू नका. फोन ठेवला आणि नातीला जवळ बोलावलं. म्हणाले, सुरतेहून कधी तसा फोन आला तर तुझ्या बापाला तू कळव. मी कळवणार नाही.

ती म्हणाली, आज्जी, असं बोलू नये.

मी म्हणाले, बोलत नाहीये. ठरवून ठेवतेय.